निकालानंतरचं व्याज : ‘मांडता आलं असतं’ आणि ‘मांडायला हवं होतं’

आजचा विषय कोरडा वाटेल. गहाण, थकबाकी, दंडव्याज, हुकूमनामा. तत्त्वज्ञानाच्या माणसाने या वाटेला कशाला जावं, असंही कुणी विचारेल. पण एकदा ठरलेली गोष्ट पुन्हा उकरावी का, आणि उकरावी तर कुणी, कधी, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. फरक एवढाच की आमच्या वर्गात त्याच्यावर गुण अवलंबून असायचे, दिवाणी न्यायालयात त्याच्यावर घर अवलंबून असतं.

प्रश्न आधी सरळ मांडू. एका कुटुंबाने घर तारण ठेवून कर्ज घेतलं. हप्ते थकले. बँक न्यायालयात गेली. रक्कम ठरली, व्याज ठरलं, हुकूमनामा झाला. अपिलाची मुदत उलटून गेली. पुढे लिलावाची नोटीस दाराला चिकटली, तेव्हा घरातल्या कुणीतरी खात्याचा उतारा पहिल्यांदा नीट वाचला आणि म्हणालं, ‘अहो, यात दंडव्याज धरलंय, आणि त्या दंडव्याजावर पुन्हा व्याज लावलंय.’ तो मुद्दा घेऊन ती माणसं पुन्हा न्यायालयाच्या पायरीवर आली. त्यांचं ऐकायचं का?

दोन उत्तरं लगेच तयार असतात. एक म्हणतं, निकाल लागला, विषय संपला. झोपला होतात का इतके दिवस? दुसरं म्हणतं, बँक ती बँक, माणसाचं घर जातंय, मुदतीचं काय घेऊन बसलात! आम्हाला ही दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. पहिल्याला न्याय म्हणजे फक्त कुलूप वाटतं. दुसऱ्याला कुलूप कशासाठी असतं हेच ठाऊक नाही. आज आपण पूर्वन्यायाच्या तत्त्वाची, म्हणजे एकदा निर्णय झालेला वाद पुन्हा चालवू नये या तत्त्वाची, टीकात्मक तपासणी करणार आहोत. तत्त्व रद्द करा असं आमचं म्हणणं नाही. ते ज्या शब्दावर उभं आहे तो शब्द आपण नीट वाचत नाही, एवढंच म्हणणं आहे.

आधी पैशाचा हिशेब करू, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. समजा, थकलेली रक्कम १० लाख रुपये. व्याजाचा दर १२ टक्के, दर महिन्याला मुद्दलात मिळवलं जाणारं. पाच वर्षांत एक पैसाही भरला नाही तर रक्कम होते सुमारे १८ लाख १७ हजार. आता थकबाकीवर वर्षाला २ टक्के दंडव्याज लावलं, पण ते वेगळं ठेवलं, मुद्दलात मिळवलं नाही, तर पाच वर्षांत त्याचे १ लाख होतात. एकूण १९ लाख १७ हजार. पण बँकेने ते दोन टक्के मूळ दरातच घालून १४ टक्क्यांनी मासिक चक्रवाढ केली, तर रक्कम होते सुमारे २० लाख ६ हजार. म्हणजे पाच वर्षांत दामदुप्पट! आणि दंड वेगळा ठेवणं व दंड मुद्दलात मुरवणं यांतला फरक आला सुमारे ८९ हजारांचा. आजचं सगळं व्याख्यान या ८९ हजारांबद्दल आहे, असं समजा.

हे ८९ हजार घ्यायचा बँकेला अधिकार आहे का? कायद्याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडल्यावर द्यायची रक्कम आधीच लिहून ठेवली असली, तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देईल. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की हप्ता चुकल्यापासून वाढीव व्याज लावण्याची अट ही दंडाची अट असू शकते. ‘असू शकते’, ‘असतेच’ नव्हे. म्हणजे कुणीतरी ते तपासायला हवं. पुढे १८ ऑक्टोबर २००१ रोजी सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध रवींद्र या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दोन गोष्टी सांगितल्या. थकलेलं साधं व्याज प्रस्थापित बँकिंग पद्धतीप्रमाणे मुद्दलात मिळवता येतं, आणि मिळवल्यावर ते मुद्दलच होतं. दंडव्याज मात्र मुद्दलात मिळवता येत नाही, ते सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे. यामागचा विचार आम्हाला पटतो. व्याज ही पैसा वापरल्याची किंमत आहे. दंड ही वागणुकीवरची शिक्षा आहे. किंमत थकली तर ती कर्जात धरता येते. शिक्षेवर भाडं आकारता येत नाही.

म्हणजे आपल्या कल्पित कुटुंबाचा मुद्दा गुणांवर खरा आहे. अडचण एकच, तो उशिरा आला आहे. उशिरा आलेला खरा मुद्दा आणि वेळेवर झालेला चुकीचा हुकूमनामा यांची टक्कर झाली, तर कुणी मागे सरायचं?

आता कुलूप कशासाठी असतं ते पाहू. पूर्वन्याय ही इंग्रजांनी आणलेली वस्तू आहे असं पुष्कळांना वाटतं. आपल्या धर्मशास्त्रात प्रतिवादीने द्यायच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत. मिथ्या, म्हणजे साफ नाकारणं. संप्रतिपत्ती, म्हणजे कबूल करणं. कारणोत्तर, म्हणजे ‘घेतले होते, पण फेडले’ असं काहीतरी सांगणं. आणि चौथं प्राङ्न्याय, म्हणजे ‘याच बाबतीत हा माणूस पूर्वी हरला आहे’ असं सांगणं. मराठेशाहीत हरणाऱ्याकडून येजितखत लिहून घेत. आपला दावा खोटा ठरला हे त्यानेच लिहून द्यायचं, म्हणजे पुन्हा तोंड वर करून यायला नको. तर्कशास्त्रातही सिद्धसाधन हा दोष मानला आहे, आणि आपल्या रोजच्या भाषेत पिष्टपेषण हा शब्द आहेच. दळलेलं पीठ पुन्हा जात्यात घालू नये. पीठ वाढत नाही, जातं मात्र झिजतं.

जातं झिजण्याची किंमत कोण मोजतं? फक्त बँक मोजते असं समजू नका. तारणाची मालमत्ता लिलावात तिसरा माणूस घेतो. तो आपले पैसे भरतो आणि मग वर्षानुवर्षं न्यायालयाच्या आवारात उभा राहतो. २०२३ मधला सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स हा खटला असाच आहे. लिलाव होऊन गेल्यावर कर्जदाराला गहाण सोडवण्याची परवानगी उच्च न्यायालयाने दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि लिलावाची जाहिरात प्रसिद्ध झाल्यानंतर तो हक्क राहत नाही असं सांगितलं. तरी प्रकरण थांबलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच प्रकरणातल्या अवमान याचिकेवर निर्णय देताना न्यायालयाला १८४३ च्या एका इंग्रजी खटल्यातलं तत्त्व सविस्तर समजावून सांगावं लागलं. निकालाला शेवट नसेल तर निकाल घेऊन करायचं काय, हा प्रश्न लिलावात बोली लावणाऱ्या माणसाने विचारला तर त्याला आपण काय सांगणार?

तेव्हा कुलूप हवं. कुलपाचा आदर राखूनच आम्ही पुढचं बोलतो.

ते १८४३ चं तत्त्व हेंडरसन विरुद्ध हेंडरसन या खटल्यातलं. वाद न्यायालयात आला की पक्षकारांनी आपलं सगळं म्हणणं एकदाच मांडावं. निष्काळजीपणाने किंवा चुकून एखादा मुद्दा मागे ठेवला आणि नंतर तो घेऊन आलात, तर चालणार नाही. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ११ मध्ये पूर्वन्याय आहे आणि त्याच्या चौथ्या स्पष्टीकरणात हीच कल्पना आली आहे. पूर्वीच्या दाव्यात बचावाचा जो मुद्दा मांडता आला असता आणि मांडायला हवा होता, तो मांडला गेला आणि ठरला असंच समजलं जाईल. यालाच मानीव पूर्वन्याय म्हणा.

मंडळी, या वाक्यात दोन क्रियापदं आहेत. ‘मांडता आला असता’ आणि ‘मांडायला हवा होता’. मधे ‘आणि’ आहे, ‘किंवा’ नाही. आमचा सगळा आक्षेप या ‘आणि’पाशी आहे.

कांट या जर्मन तत्त्वज्ञाच्या नावावर एक सूत्र सांगितलं जातं. जे करायला हवं ते करता येण्याजोगं असलं पाहिजे. लंगड्याला ‘तू पळायला हवं होतंस’ असं म्हणता येत नाही. हे सूत्र उलटं मात्र चालत नाही. एखादी गोष्ट मला करता आली असती, एवढ्यावरून ती मी करायलाच हवी होती असं ठरत नाही. मला आज सकाळी पर्वती चढता आली असती. चढलो नाही म्हणून माझा गुन्हा होत नाही. ‘हवं होतं’ म्हणायला वेगळं कारण लागतं: ते माझं कर्तव्य होतं, ते मला ठाऊक होतं किंवा ठाऊक असायला हवं होतं, आणि ते न केल्याने दुसऱ्यावर अन्याय झाला.

निकालपत्रं वाचताना दिसतं ते असं. पहिल्या क्रियापदाची तपासणी होते. मुद्दा तेव्हा उपलब्ध होता का? होता. संधी होती का? होती. मग पुढच्याच ओळीत ‘म्हणून मांडायला हवा होता’ असं येतं. ‘म्हणून’ हा शब्द इथे काहीही काम न करता पगार घेतो. इंग्लंडमध्ये हाच प्रश्न २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे जॉन्सन विरुद्ध गोर वूड या खटल्यात आला. तेव्हा लॉर्ड बिंगहॅम यांनी स्पष्ट केलं की मुद्दा आधी मांडता आला असता एवढ्याने नंतर मांडणं हा न्यायप्रक्रियेचा गैरवापर ठरत नाही. सगळी परिस्थिती पाहून, सार्वजनिक हित आणि दोन्ही पक्षांचं हित तोलून तसं ठरवायला हवं. म्हणजे हेंडरसनच्या मायभूमीत ‘आलं असतं’ आणि ‘हवं होतं’ यांतली फट मान्य झाली. आमच्याकडे तर ती फट कायद्याच्या मजकुरातच आहे. वाचायची तेवढी बाकी आहे.

आता आपल्या कुटुंबाकडे परत येऊ आणि ‘हवं होतं’ त्यांच्यावर लागू पडतं का ते पाहू. उत्तर परिस्थितीप्रमाणे बदलतं.

पहिली परिस्थिती. ते हजर झाले, वकील दिला, लेखी कैफियत दिली, खात्याचा उतारा त्यांच्या हातात होता, त्यात दंडव्याजाचा रकाना वेगळा होता. तरी त्यांनी भर दिला तो ‘सही माझी नाही’ यावर. हरले. मग दुसऱ्या दाव्यात दंडव्याज आठवलं. इथे ‘हवं होतं’ पुरेपूर लागू आहे. मुद्दे सुटे सुटे करून एकेका दाव्यात एकेक वापरणं म्हणजे न्यायालयाला हप्ते बांधून देणं झालं. अशा माणसाचं ऐकू नये.

दुसरी परिस्थिती. समन्स रीतसर मिळालं, पण ते गेलेच नाहीत. हुकूमनामा एकतर्फी झाला. यांच्यासाठी संहितेत वाट आहे. गैरहजेरीला सबळ कारण असेल तर आदेश ९ नियम १३ प्रमाणे एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागता येतो, त्याला मुदत तीस दिवसांची. ती वाट सोडून वर्षांनंतर नवा दावा लावणाऱ्याबद्दल आम्हाला फार सहानुभूती नाही. पण इथे एक गोष्ट टोचते. ते हजर नव्हते, तरी न्यायाधीश तर हजर होते ना? दंडव्याज मुद्दलात मुरवू नये ही गोष्ट सार्वजनिक धोरणाची आहे असं घटनापीठ म्हणतं. सार्वजनिक धोरण हे प्रतिवादी आला तरच जागं होतं का?

तिसरी परिस्थिती. उताऱ्यात ‘व्याज’ असा एकच रकाना. १४ टक्के दर लागलेला दिसतो, पण त्यातले दोन टक्के दंडाचे आहेत हे कुठे लिहिलेलंच नाही. ते कळायला मंजुरीपत्र, दरबदलाच्या नोंदी आणि उतारा तिन्ही शेजारी ठेवून गणित करावं लागतं. हे काम कर्जदाराला ‘करता आलं असतं’? कदाचित. ‘करायला हवं होतं’? आम्ही म्हणतो, नाही. हिशेब ज्याने ठेवला त्यानेच तो उलगडून दाखवायला हवा होता. इथे कर्तव्य दुसऱ्याच बाजूला होतं. ज्याचं कर्तव्य नव्हतं त्याच्यावर ‘हवं होतं’चा बोजा टाकून दार लावणं, हा तर्कदोष आहे आणि अन्यायही.

हा विचार आम्हाला आज सुचला असं नाही. महाराष्ट्राने तो दीडशे वर्षांपूर्वी फार महाग किंमत देऊन शिकला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे इथे बाजाराच्या दिवशी दंगा झाला आणि पुणे-नगर भागात पसरला. शेतकऱ्यांनी सावकारांकडून काय मागितलं? रोखे आणि कागद. मिळाले तिथे जाळले. त्या कागदांमागे न्यायालयं होती. व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करायचा, काही वर्षांनी पुन्हा नवा रोखा करायचा, मग दावा. शेतकरी तालुक्याला जात नाही, आणि हुकूमनामा एकतर्फी. सरकारने चौकशी केली आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साह्य कायदा आला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत.

त्या कायद्याने न्यायाधीशाला खुर्चीत नुसतं बसू दिलं नाही. प्रतिवादीला साक्षीदार म्हणून तपासायला सांगितलं. व्यवहार जिथून सुरू झाला तिथपर्यंत मागे जाऊन मुद्दल वेगळं, व्याज वेगळं करायला सांगितलं, मग मधे कितीही नवे रोखे झालेले असोत. आणि कर्जदाराने रक्कम कबूल केली तरीही! ती कबुली खरी आहे आणि आपले कायदेशीर हक्क पुरेपूर जाणून दिलेली आहे, अशी न्यायाधीशाची कारणांसह खात्री पटली, तरच चौकशी टाळता येत असे. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये हा दामदुपटीचा जुना नियमही त्यात होता. बघा, या कायद्याने हुकूमनाम्याचं कुलूप सैल केलं नाही. कुलूप लावण्याआधी खोलीत कोण राहिलंय ते बघा, एवढं सांगितलं.

या कायद्याचं निव्वळ कौतुक करणंही बरोबर नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली, म्हणजे हिशेब मागायला जागाच उरू नये. मग खरेदीखताच्या आड गहाण आहे का हे तपासायची तरतूद कायद्यात घालावी लागली. संरक्षण दिलं की पैसा वाट बदलतो, हा धडा आजही विसरून चालणार नाही. दंडव्याज बंद केलं तर तेच पैसे ‘प्रक्रिया शुल्क’ होऊन येतात की नाही, हे पाहत राहावं लागेल.

आता आजच्या व्यवस्थेवरचा आमचा मुख्य आक्षेप. आपण दोन दारं बंद केली आहेत, एक पुढचं आणि एक मागचं. १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात कलम २१ अ आलं. बँकेने लावलेला व्याजदर फार जास्त आहे एवढ्या कारणावरून न्यायालयाने व्यवहार उकरू नये, असं ते सांगतं. हे पुढचं दार. निकालानंतर कलम ११, आणि अंमलबजावणीच्या दरखास्तीत हुकूमनाम्याच्या मागे जाता येत नाही हा नियम. हे मागचं दार. मधे उरते एक अरुंद खिडकी: दर जास्त आहे असं म्हणायचं नाही, पण दंडव्याज मुद्दलात मुरवलंय, रिझर्व्ह बँकेच्या निर्देशाविरुद्ध आकारणी झाली आहे, एवढं म्हणता येतं. तेही योग्य वेळी, योग्य कागदासह.

२००२ च्या सरफेसी कायद्याने ती खिडकीही वेगळ्या भिंतीत नेली. थकीत कर्जाची रक्कम बँकच मांडते आणि साठ दिवसांची नोटीस देते. कर्जदाराने हरकत घेतली तर बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं. बँकेने तारण ताब्यात घेण्याचं पाऊल उचललं की पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायचं. दिवाणी न्यायालयाला बंदी. वसुली वेगाने व्हावी हा हेतू चुकीचा नाही; ठेवीदारांचा पैसा त्यात असतो, आणि ठेवीदारही आपल्यासारखेच निवृत्तिवेतनावर जगणारे असतात. पण मग असं होऊ शकतं की ८९ हजारांचा आकडा बँकेने मांडला, कर्जदाराला कळला नाही, न्यायाधिकरणापुढे वाद झाला तो नोटीस कशी बजावली यावर, आणि शेवटी आकड्याला ‘ठरलेला’ असा दर्जा आला. ठरवला कुणी? कुणीच नाही. जे कुणीच ठरवलं नाही त्याला पूर्वन्यायाचं संरक्षण द्यायचं, म्हणजे न दळलेल्या धान्याला पीठ म्हणायचं.

इथे आणखी एक भेद करायला हवा, आणि तो व्याजाच्या स्वभावातच आहे. मालकीचा वाद ठरला की ठरला. व्याज मात्र निकालाच्या दिवशी थांबत नाही. दाव्याआधीचं व्याज, दावा चालू असतानाचं व्याज आणि हुकूमनाम्यानंतरचं व्याज हे तीन वेगळे काळ आहेत. संहितेच्या कलम ३४ मध्येही ते वेगळे आहेत. साध्या पैशाच्या दाव्यात हुकूमनाम्यानंतर सहा टक्क्यांची मर्यादा आहे, व्यापारी व्यवहाराला अपवाद आहे. गहाणाच्या दाव्यात आदेश ३४ लागू होतो. तपशील काहीही असो, पहिल्या काळाबद्दल झालेला निर्णय तिसऱ्या काळाला आपोआप चिकटत नाही.

याला १९७० चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आधार देतो. प्रकरण बोरिवलीतल्या जमिनीच्या भाडेपट्ट्याचं. बांधकामासाठी दिलेल्या मोकळ्या जमिनीला १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा लागू नाही, असं खालच्या न्यायालयाने एकदा ठरवलं. पुढे दुसऱ्याच एका प्रकरणात उच्च न्यायालयाने कायद्याचा अर्थ उलट लावला. भाडेकरू पुन्हा आला. सगळ्यांनी त्याला पूर्वन्याय दाखवला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. न्यायालयाच्या अधिकारकक्षेबद्दलचा निव्वळ कायद्याचा चुकीचा निर्णय दोन पक्षांसाठी कायमचा कायदा होऊन बसू शकत नाही. भाडं दर महिन्याला नव्याने देय होतं. व्याजही तसंच आहे. आम्हाला या निकालातून एवढंच घ्यायचं आहे की पुढे चालू राहणाऱ्या देण्याच्या बाबतीत कालच्या चुकीने उद्याला बांधताना न्यायालयाने दहा वेळा विचार करावा.

याच प्रश्नाची दुसरी बाजू इंग्लंडमध्ये दिसली, तीही योगायोगाने ऑक्टोबर २००१ मध्येच. फर्स्ट नॅशनल बँकेच्या करारात अट होती की निकालानंतरही कराराच्या दराने व्याज चालू राहील. न्यायालयाने हप्ते बांधून दिले, माणसाने ते प्रामाणिकपणे भरले, आणि शेवटी कळलं की व्याज मागे साठतच होतं. ही अट अन्याय्य आहे असा आक्षेप तिथल्या ग्राहक संरक्षणाच्या अधिकाऱ्याने घेतला. हाउस ऑफ लॉर्ड्सने तो मानला नाही. कायद्याने ते बरोबर असेल. पण त्या माणसाने न्यायालयाच्या कागदावर विश्वास ठेवला होता. निकाल अंतिम असतो असं आपण कर्जदाराला सांगतो, तेव्हा तो त्याच्याही बाजूने अंतिम असायला नको का?

मग आमचं म्हणणं काय? ठरलेल्या गोष्टींचे तीन कप्पे करावेत. पहिला कप्पा: ज्यावर खरोखर वाद झाला आणि निर्णय झाला. तो बंद, कायमचा, निर्णय आवडो न आवडो. दुसरा कप्पा: नुसती बेरजेची, लिखाणाची चूक, आणि फसवणुकीने मिळवलेला हुकूमनामा. तो कायम उघडा. आकडेमोडीची चूक कलम १५२ खाली केव्हाही दुरुस्त करता येते. दंडव्याज मुरवणं ही मात्र बेरजेची चूक नाही, त्यामुळे ते इथे कोंबता येत नाही. तिसरा कप्पा: जे मांडलं गेलं नाही, तपासलं गेलं नाही, पण ठरलं असं मानलं जातं. इथे न्यायालयाने ‘मांडता आलं असतं’वर थांबू नये. ‘मांडायला हवं होतं का, आणि ते कुणी?’ हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा आणि त्याचं उत्तर निकालपत्रात लिहावं.

यावर एक आक्षेप येणारच. असं केलंत तर प्रत्येक थकबाकीदार गप्प बसेल, आणि मागाहून ‘मला कळलं नव्हतं’ म्हणत येईल. आक्षेप खरा आहे. त्याचं उत्तर याज्ञवल्क्य स्मृतीत सापडतं. न्यायाने हरूनही ‘मी हरलो नाही’ असं मानून जो पुन्हा येतो, त्याला पुन्हा हरवल्यावर दुप्पट दंड करावा, असं ती सांगते. म्हणजे दार बंद नाही, पण दार वाजवण्याला किंमत आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर निर्विवाद रक्कम आधी भरा, मग वादातल्या ८९ हजारांवर बोला; खोटे ठरलात तर खर्च दुप्पट. ज्याचा मुद्दा खरा आहे तो ही अट मान्य करेल. ज्याला नुसता वेळ काढायचा आहे तो घरी जाईल.

आणि याहून चांगला उपाय मागच्या दारात नाहीच, पुढच्या दारात आहे. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने दंडव्याजाऐवजी दंडात्मक शुल्क आकारायला सांगितलं, ते व्याजदरात मिळवायचं नाही आणि त्या शुल्कावर पुढे व्याज लावायचं नाही असंही सांगितलं. हेतूही लिहिला: शिस्त लागावी, उत्पन्न वाढवण्यासाठी नव्हे. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. घटनापीठाने सांगितल्याला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. या मधल्या वर्षांतले हुकूमनामे परिपत्रकाने उघडत नाहीत, आणि सरसकट उघडूही नयेत. पण इथून पुढे एकतर्फी असो वा दुतर्फी, कोणताही हुकूमनामा किंवा वसुलीचा दाखला देण्याआधी मुद्दल, साधं व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज असे चार रकाने मागायला काय हरकत आहे? चौथ्या रकान्यात शून्य असलंच पाहिजे. नसेल तर प्रतिवादी येवो न येवो, न्यायाधीशाने पेन उचलावं. १८७९ च्या कायद्याने कंदिलाच्या उजेडात काम करणाऱ्या मुन्सफाकडून जेवढी अपेक्षा केली, तेवढी संगणकाच्या काळात करणं फार होणार नाही.

अंतिमता हा न्यायाचा मान आहे, पण तो मान ऐकून घेतल्यावर मिळतो. आता प्रश्न घेऊ. कुणाकडे असा हुकूमनामा किंवा खात्याचा उतारा असेल, तर कृपया इथे नाव-गाव सांगू नका. रकाने किती आहेत तेवढं सांगा, तिथूनच सुरुवात करू.